शेवटचा सोनचाफा

डोंगराच्या कुशीतल्या एका खोपटात शेवरी नावाची इवलीशी पोर आजारी आईजवळ बसून रडत होती. घरात दाणा नव्हता आणि आईचा ताप काही केल्या उतरत नव्हता. आता आपलं या जगात कुणी उरणार नाही, असंच तिला वाटत होतं.

रडत रडत ती रानात गेली. तिथे एक चिमुकली बाग होती. लालभडक पळस, जांभळा कांचन, पिवळाधमक सोनचाफा! चाफ्यावरून एक परी उतरली. तिच्या पंखांवर दवाचे मणी लुकलुकत होते. तिने शेवरीला मोहरांची रेशमी थैली दिली.

"हवं ते घे, बाळ. पण एक मोहर खर्चलीस की माझं एक झाड वाळेल."

"सगळीच वाळली तर?"

"मग मी कुठे राहू गं?" परी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत.

शेवरीच्या गावची रीत अशी, की औषधाला साधं पान तोडायचं तरी आदल्या दिवशी झाडाला अक्षता वाहून विचारायचं. मोहर मोडण्याआधीही ती बिचारी विचारायला जायची. तिने पैंजण घेतले नाहीत, जिलबी घेतली नाही. मला जिलबी हवीय म्हणून तू वाळ, असं पळसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

"थैली भरलेली आणि पोर अनवाणी! खुळी की काय गं तू?" शेजारची गोदाकाकू म्हणाली.

औषधाला मात्र मोहरा मोडाव्याच लागल्या. पळस वाळला, कांचन वाळला, पण ताप हटेना. चाफा तेवढा उरला.

"आणखी एक पुडी देतो, पोरी," वैद्यबुवा म्हणाले. "गुण येईलच, असं नाही सांगत."

शेवरी अक्षता घेऊन चाफ्यापाशी गेली.

"माझी आई जाईल रे, चाफ्या! पण तुला मर म्हणून कसं सांगू? नाही जमत मला." तिने मोहर चाफ्याच्या मुळाशी ठेवली आणि धाय मोकलून रडली.

"थैली नेणारे पुष्कळ आले," परी हळूच म्हणाली. "झाडांना विचारायला मात्र कुणीच आलं नाही. आता चाफाच तुला आपणहून फूल देतोय."

एक झगमगतं फूल शेवरीच्या ओंजळीत पडलं. सोनेरी प्रकाश लख्ख पसरला आणि परी त्यात विरून गेली.

शेवरीने धावत येऊन फूल आईच्या उशाशी ठेवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आईच्या कपाळावर घाम फुटला. तिने डोळे उघडले.

"शेवरे," ती क्षीण आवाजात म्हणाली, "जेवलीस का गं?"