चंद्राऊचा घोटा आणि घोटाईचा वसा

ऐका घोटाई आई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, पाय सैल सोडा. जिला मांडी घालवत नाही तिनं पाटावर बसावं, घोटाईला त्याचा राग नाही.

नदीच्या वळणावर एक नगर वसलं होतं. नगरात कोष्ट्यांची आळी होती. आळीत चंद्राऊ नावाची कोष्टीण राहत होती. नवरा देवाघरी गेलेला. एक मुलगा केरोबा, एक सून राही. घरात दोन माग. एकावर केरोबा बसे, एकावर चंद्राऊ. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ती पावड्या दाबू लागली, की बायका म्हणत, "ऐका, चंद्राऊचा माग बोलतोय." राणीच्या लुगड्यांचे काठ तिच्याच हातचे जात.

एके वर्षी काय झालं? चंद्राऊचा उजवा घोटा दुखू लागला. सकाळी उठावं तर पाय लाकडासारखा. चार पावलं टाकावीत, तेव्हा कुठं सैल व्हावा. दिवसभर माग चालवावा, तिन्हीसांजेला सुजावा. नदीचा घाट चढताना दुखे, उतरताना त्याहून दुखे. पायाखाली खडा आला की डोळ्यांपुढं काजवे चमकत. मग घोट्याच्या पुढं हाडाचा एक उंचवटा आला. हात लावला की ठणके.

चंद्राऊ म्हणाली, "हे आपसूक आलेलं नाही. हे कुणीतरी घातलेलं आहे."

शेजारी दगडाबाई राहत होती. ती ताक मागायला आली, घोट्याकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला. "बाई गं, मी काही कुणाचं नाव घेत नाही. पण पायाचं दुखणं वेशीवरून येत नाही. उंबऱ्याच्या आतलं माणूस बघ." एवढं बोलली, ताक घेऊन निघून गेली.

तशी चंद्राऊची नजर फिरली. राहीकडं ती पाहू लागली. राही हसली तर का हसली, गप्प बसली तर का गप्प बसली. मनात संशयाचा किडा शिरला. तो काही बाहेर निघेना.

राही रोज उंबरा सारवी, रांगोळी घाली. चंद्राऊच्या मनात आलं, रांगोळीखाली काय पुरते कोण जाणे. मग राही पाण्याला गेलेली पाहून तिनं उंबऱ्यालगत खणलं. वीतभर खणलं, दोन विती खणलं, हातभर खणलं. माती निघाली, खडे निघाले, एक गांडूळ निघालं. दुसरं काही निघालं नाही. चंद्राऊ म्हणाली, "बरोबर आहे. माझ्या आधी काढून घेतलंन."

राही रोज तिच्या घोट्याला तिळाचं तेल कोमट करून लावी. चंद्राऊनं तेलाचा वास घेतला. म्हणाली, "आधी तुझ्या पायाला लाव." राहीनं लावलं. आठ दिवस दोघींच्या पायांना एकाच वाटीतलं तेल. चंद्राऊचा घोटा सुजला, राहीचा सुजला नाही. चंद्राऊ म्हणाली, "बघा. हिला उतारा ठाऊक आहे."

मग राहीनं चांभाराकडून सासूला वहाणा करून आणल्या. रुंद होत्या, जाड तळाच्या होत्या, पुढून होडीसारख्या उचललेल्या होत्या. चंद्राऊनं कोयता घेतला, वहाणा उसवल्या. आतून काथ्या निघाला.

"चामड्यात काथ्या कशाला गं?"

"टाच मऊ पडावी म्हणून, आत्याबाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तुम्ही चालताना मी बघत होते."

"बघत होतीस! माझे पाय कशाला बघत होतीस?"

राही खाली वाकून सांडलेला काथ्या वेचू लागली. चंद्राऊला तेच उत्तर वाटलं. तिनं केरोबाला हाक मारली. "हिला माहेरी पोचव. जोवर माझा पाय दुखतोय तोवर हिचं तोंड मला दाखवू नकोस." केरोबा आईपुढं मान वर करीत नसे. राहीनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं, सासूच्या पाया पडायला वाकली. चंद्राऊनं पाय मागं घेतले. राही गेली. ज्येष्ठाचा महिना होता.

मग काय झालं? मग काहीच झालं नाही. आठ दिवस गेले, घोटा दुखतोच आहे. पंधरा दिवस गेले, घोटा दुखतोच आहे. महिना गेला. पाणी आणायला चंद्राऊ, दळायला चंद्राऊ, घाट उतरायला चंद्राऊ. पाय दुप्पट सुजला. दगडाबाईला विचारलं, ती म्हणाली, "जाताना करून गेली असेल." चंद्राऊनं मान डोलावली.

एके दिवशी केरोबानं जेवता जेवता हात थांबवला. जन्मात जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, राही गेली. दुखणं का गं नाही गेलं?"

चंद्राऊनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. म्हणाली, "तुला कुणी शिकवलं हे बोलायला?" केरोबा पानावरून उठला. चंद्राऊनंही पान सारलं.

श्रावणातला पहिला सोमवार आला. दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात काठी, अंगावर जुनेर, पण पाऊल टाकावं तर असं नेमकं, की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. म्हणाली, "बाई, वाटीभर ताक घाल."

चंद्राऊनं कवाड अर्धं लोटलं. "तुला दगडाबाईनं पाठवलं?"

"नाही."

"राहीच्या माहेरच्यांनी?"

"नाही."

"मग कुणी आणलं इथं?"

"पायांनी," म्हातारी म्हणाली. "तुझे पाय नेत नाहीत तुला कुठं?"

चंद्राऊनं ताक आणलं. म्हातारी ताक प्याली, खाली बसली, चंद्राऊचा पाय मांडीवर घेतला. पाऊल वर केलं, खाली केलं. सांधा करकरला. म्हातारी म्हणाली, "कधी पडली होतीस?"

"कधीच नाही."

"नीट आठव. कधी पडली होतीस?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

"तिसऱ्यांदा विचारते. हा पाय कधी मुरगळला होता?"

तेव्हा चंद्राऊला आठवलं. वीस वर्षं झाली होती. ओल्या सुताचा भारा घेऊन ती घाट चढत होती, शेवाळावरून घसरली, पाय आत वळला. घोटा काळानिळा पडला. सासूनं पट्टा बांधला, दीड महिना पाय टेकू नकोस म्हणाली. चंद्राऊचं काम खोळंबलं होतं. दहाव्या दिवशी पट्टा सोडला आणि ती मागावर बसली.

म्हातारी म्हणाली, "हाडांच्या टोकांना देव मऊ अस्तर देतो. तुझं त्या दिवशी दुखावलं, पुढं वीस वर्षं झिजलं. आता हाडाला हाड लागतंय. हे कुणी घातलेलं नाही, पोरी. तुझं तुझ्याबरोबरच चाललंय."

"मग ते अस्तर परत आण."

"ते परत येत नाही."

"मग तू काय देणार?"

"चालणं देईन. वसा घेशील?"

"कसला वसा?"

"घोटाईचा वसा."

"त्याला काय करावं?"

"जाग आल्याबरोबर उभं राहू नये. अंथरुणातच बसून पाऊल वर-खाली करावं, आत-बाहेर करावं, वीस वेळा करावं. मग उठावं. ताठलेला पाय कोमट पाण्यात सोडावा. सुजून गरम झाला तर गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेवावी, उशीवर उंच घ्यावा. घटकाभर माग चालवावा, घटका भरली की उठावं, काठ अर्धा राहिला तरी उठावं. बसून राहू नये, राबून मोडू नये. रुंद वहाणा घालाव्यात, जाड तळाच्या, पुढून उचललेल्या, म्हणजे पाऊल आपोआप पुढं वळतं, सांध्याला वाकावं लागत नाही. खडकाळ वाटेवर घोट्याला पट्टा बांधावा. अंगावरचा भार थोडा उतरवावा, तो सगळा घोट्यालाच उचलावा लागतो. आणि चालताना काठी घ्यावी, ती डाव्या हातात."

चंद्राऊचे डोळे बारीक झाले. "दुखतो उजवा, काठी डाव्या हातात? मला वेडी समजतेस?"

"चालून बघ."

चंद्राऊनं काठी उजव्या हातात धरली, चालली. ठणका लागला. डाव्या हातात धरली, चालली. पाय हलका पडला. तिनं काठी उलटी करून पाहिली, हलवून पाहिली, कानाशी लावून पाहिली. काठी बाभळीची होती, आणखी काही नव्हती.

"उपास नाही, नवस नाही, कोंबडं नाही," चंद्राऊ म्हणाली. "देवीला यातून काय मिळतं?"

"तुला काय मिळतं ते बघ. आणि हे ध्यानात ठेव. घाई करू नये, आळस करू नये, बरं वाटलं म्हणून घेतलेला वसा खुंटीला टांगू नये. शेवटी, ज्या माणसावर आळ घेतला त्याच्या दारी आपल्या पायांनी जावं. तेव्हा वसा पुरा होतो."

"आणि नाही गेले तर?"

"तर पाय चालेल. पण चालून जाशील कुठं?" एवढं बोलून म्हातारी उठली, आळीतून निघून गेली.

चंद्राऊनं वसा घेतला, पण डोळा उघडा ठेवून घेतला. पाणी कोमट करी, आधी बोट बुडवून पाही. पाऊल वीस वेळा हलवी, एकविसाव्यांदा हलवलं तर काय होईल म्हणून तेही हलवून पाही. आठ दिवसांनी सकाळचा पाय जरा लवकर सुटला. तिला आनंद झाला नाही, संशयच आला. म्हणाली, "एवढ्यात कसा सुटला?"

भाद्रपद आला. पाय आणखी हलका झाला. राणीकडून नवरात्राच्या लुगड्याचं बोलावणं आलं. चंद्राऊ उतली, मातली. काठी कोपऱ्यात ठेवली, तीन दिवस मागावरून उठली नाही. चौथ्या दिवशी घोटा भोपळ्यासारखा सुजला. ती ओरडली, "म्हातारीनं फसवलं!" केरोबा म्हणाला, "आई, म्हातारी मागावर बसली होती का?" चंद्राऊनं सुजल्या पायाकडं पाहिलं. गार पाण्याची घडी मागवली, पाय उशीवर घेतला. त्या दिवसापासून घटका भरली की ती उठे.

मग ती चांभाराकडं गेली, वहाणांचं माप सांगू लागली. रुंद हव्यात, जाड हव्यात, पुढून उचललेल्या हव्यात. चांभार म्हणाला, "अशाच तर केल्या होत्या. तुमच्या सुनेनं तुमचं ओलं पाऊल अंगणात उमटलं होतं ते दोरीनं मोजून आणलं. तीन खेपा घातल्या. अंगठ्याला लागू नये म्हणाली, टाचेला काथ्या घाला म्हणाली. त्या झिजल्या का इतक्यात?"

चंद्राऊ पायरीवर बसली. तिला झिजल्या म्हणवेना, उसवल्या म्हणवेना. चांभारानं पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

मार्गशीर्ष उजाडला. राहीचं माहेर तीन कोस. केरोबा म्हणाला, "गाडी जुंपतो." ती म्हणाली, "नको. आपल्या पायांनी जायचंय." पट्टा बांधला, चांभारानं करून दिलेल्या नव्या वहाणा घातल्या, काठी डाव्या हातात घेतली. एक कोस चालली, वडाखाली बसली. दुसरा कोस चालली, ओढ्याकाठी बसली. तिसऱ्या कोसाला उतार लागला. पाय म्हणे मागं फिर, मनही म्हणे मागं फिर. ती आडवी-तिडवी पावलं टाकीत उतरली.

राही अंगणात सूत वाळवीत होती. तिनं सासूला पाहिलं, पण पुढं आली नाही. "आत्याबाई, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"मग आता काय शोधायला आलात? इथला उंबरा खणायचाय?"

ते उंबऱ्याचं हिला ठाऊक होतं तर. चंद्राऊची मान खाली गेली. "राही, तू काही केलं नव्हतंस. माझा पाय मीच मोडला होता, आणि आळ तुझ्यावर घातला. चल घरी."

राही म्हणाली, "आज पाय बरा आहे म्हणून आलात. उद्या पुन्हा सुजला की? पुन्हा माझं गाठोडं बांधाल?"

"सुजेल, बाई. तो जन्मभर सुजणार. सुजला तर मी म्हणेन, सुजला. तुझं नाव घेणार नाही."

राहीनं कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडं पाहिलं, जसं चंद्राऊ पूर्वी तिच्याकडं पाही. म्हणाली, "मी येते. पण गाठोडं सोडणार नाही. बांधलेलंच ठेवीन."

"ठेव," चंद्राऊ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. केरोबानं दोघींच्या पायांवर पाणी घातलं. वशाचं उद्यापन झालं. म्हातारी जेवायला आली, राहीच्या शेजारी बसली. चंद्राऊला राहवेना. "खरं सांग, तू कोण?"

"अजून संशय आहेच?" म्हातारी हसली. हात धुतला, बाहेर गेली. केरोबा विडा घेऊन मागं धावला. आळी सरळ होती, पण म्हातारी कुठं दिसली नाही.

पौषात थंडी पडली. एके सकाळी चंद्राऊ उठली, तो घोटा ताठला, तिन्हीसांजेपर्यंत टम्म सुजला. दगडाबाई ताकाला आली. दारातूनच म्हणाली, "काय गं बाई! सून आली, आणि पाय सुजला?"

केरोबाचा माग थांबला. राही आतून हळूच दाराशी आली. खुंटीवर तिचं गाठोडं होतं, तिची नजर गाठोड्यावर गेली.

चंद्राऊनं पाय उशीवर घेतला. म्हणाली, "दगडाबाई, थंडी पडली म्हणून सुजला. काल मी दोन घटका जास्त बसले म्हणून सुजला. माझा सांधा जुना झालाय म्हणून सुजला. तुझं ताक चुलीजवळ आहे, घे आणि जा. राही, गार पाण्याची घडी आण गं."

राहीनं घडी आणली, सासूच्या घोट्यावर ठेवली. मग उठली, खुंटीवरचं गाठोडं काढलं, सोडलं, आणि एकेक लुगडं पेटीत ठेवू लागली.

जशी घोटाई चंद्राऊला आणि राहीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. दुखऱ्या पायाला वाट मिळो, वाटेला विसावा मिळो, घरातल्या माणसाला आळ न लागो. साठ पावलांची ही कहाणी पाच पावलांत पोचली, सुफळ झाली.