मुंगीचा छोटा पफ

वसईत दुल्सिनमावशीची बेकरी होती. तिथे एक काळी मुंगी राहायची. एवढीशी मुंगी, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

मावशी गोल गोल पफ करायची. आत पोकळ. पोकळीत क्रीम. सगळ्यात छोटा पफ मुंगीचा, हा बेकरीचा रिवाज.

आज काय झालं? पहिला घाणा बसला. फुस्स! सगळे पफ चपटे. पोकळी नाही. क्रीम नाही. मुंगीला वाटाही नाही. असं कुठं असतं का?

मावशीनं पुन्हा पाणी-लोणी उकळलं. मैदा घातला, घोट घोट घोटला. अंडी फेटून घातली, फट् फट् फट्. गोळे भट्टीत गेले.

मुंगी निघाली, तुरुतुरु.

"पफा पफा, फुग की. माझा वाटा मिळेना."

"वाफ ढकलेना. मी नाही फुगणार."

मुंगी वाफेकडे गेली, तुरुतुरु.

"वाफे वाफे, ढकल की. पफ फुगेना, माझा वाटा मिळेना."

"भट्टी तापेना. मी नाही ढकलणार."

मुंगी भट्टीकडे गेली, तुरुतुरु.

"भट्टी भट्टी, ताप की. वाफ ढकलेना, पफ फुगेना, माझा वाटा मिळेना."

"मावशी दार लावेना. मी नाही तापणार."

मुंगी मावशीकडे गेली, तुरुतुरु.

"मावशी मावशी, दार लाव की. भट्टी तापेना, वाफ ढकलेना, पफ फुगेना, माझा वाटा मिळेना."

"रोवी थांबेना. मी नाही लावणार."

रोवी म्हणजे मावशीची नात. ती सारखी विचारायची, "फुगला का?" की मावशी दार उघडून बघायची. दार उघडलं की भट्टी गार. मुंगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"रोवी रोवी, थांब की. मावशी दार लावेना, भट्टी तापेना, वाफ ढकलेना, पफ फुगेना, माझा वाटा मिळेना."

"मला पफ बघायचाय. मी नाही थांबणार."

मग मुंगी रोवीच्या पायावरच चढली. तुरुतुरु घोटा, तुरुतुरु गुडघा. रोवीला झाल्या गुदगुल्या. खुदूखुदू, खुदूखुदू. हसता हसता विचारायचं राहूनच गेलं. मुंगी इथे रागावलीय, आणि ही हसतेय!

रोवी थांबली. मावशीनं दार लावलं. भट्टी तापली. वाफेनं ढकललं. पफ फुगला, टम्म!

मावशीनं पफाला भोक पाडलं, टुच्. वाफ बाहेर, सुंईं. क्रीम आत, पच्. सगळ्यात छोटा पफ मुंगीपुढे ठेवला. मुंगी भोकातून आत शिरली.

रोवीनं भोकाला डोळा लावला. "मुंगे, झालं का खाऊन?"

आतून मुंगी म्हणाली, "आधी दार लाव."