कवडी कुत्रीची आणि कच्च्या नागाची कहाणी

ऐका मल्हारीराया, तुमच्या दारच्या मुक्या राखणदाराची कहाणी. आटपाट नगराला एक वेस होती, वेशीबाहेर कुंभारआळी होती. आळीत म्हाळू कुंभार राहत होता. घरात त्याची म्हातारी आई होती, बायको साळू होती. चाक बरं फिरत होतं, आवा बरा भाजत होता, मडकं वाजवलं तर खणखणत होतं. खायला होतं, ल्यायला होतं. पण दारी कुत्रं टिकत नव्हतं.

पहिलं कुत्रं आणलं, त्याला गवऱ्यांच्या ढिगाशी पान लागलं. आळीत साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. दुसरं आणलं, त्याला पेंढ्यात पान लागलं. म्हाळू म्हणाला, "आता पुरे. कुत्रं नको नि मागाहून रडणं नको."

मग एके दिवशी काय झालं? साळू निवलेला आवा उकलत होती. राखेत काही वळवळलं. बघते तों कुत्रीचं पिल्लू. राखेनं माखलेलं, थंडीनं काकडलेलं. पदरानं पुसलं, तों कवडीसारखं पांढरं निघालं. तिचं नाव कवडी ठेवलं. चिंधी दुधात बुडवून चोखवली, लहानाची मोठी केली. साळू पाण्याला जाई, कवडी मागून जाई. साळू माती तुडवी, कवडी बांधावर बसे. साळूचा सगळा जीव त्या कुत्रीत अडकला. सासू म्हणे, "कुत्र्याला एवढं डोक्यावर बसवू नये." पण आपल्या भाकरीतला शेवटचा तुकडा रोज हळूच कुणाला टाकी, ते आळीला ठाऊक होतं.

आषाढाचा पहिला आदितवार आला. दारी एक वाघ्या आला. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात घाटी, काखेत कोटंबा. कवडी येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांवर भुंकायची, ह्याच्यावर भुंकली नाही. जवळ गेली, पायाशी बसली. वाघ्या हसला. म्हणाला, "ओळखलं तिनं. मीही खंडोबाचा कुत्राच."

साळूनं कोटंब्यात पीठ वाढलं नि पाय धरले. "बाबा, माझ्या दारी कुत्रं टिकत नाही. दोन गेली. ही तिसरी. हिला काही झालं तर मला सोसायचं नाही. काही उपाय सांगा."

वाघ्या म्हणाला, "बाई, उपाय आहे, पण तो वशाचा आहे. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग वाघ्यानं वसा सांगितला. "आषाढातल्या पहिल्या आदितवारी धरावा. दिवस मावळायच्या आत कुत्र्याची थाळी घासावी, पालथी घालावी. उष्ट्याला उंदीर येतो, उंदरामागं लांबडं येतं. पेंढा-सरपण भिंतीला टेकवू नये, हातभर लांब, विटांवर रचावं. काठी आपटावी, मग हात घालावा. भिंतीचं बीळ खापरीनं नि मातीनं बुजावं. कुत्र्याचं अंथरूण ओट्यावर घालावं. ते एकाच जागी बघून भुंकू लागलं तर त्याच्यावर खेकसू नये, आपण उठून बघावं. जनावर दिसलं तर कुत्र्याला माघारी बोलवावं, जनावराला वाट द्यावी, मारू नये. एवढं दर आदितवारी नव्यानं बघावं. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करावा, पहिला घास कुत्र्याला घालावा. वसा संपूर्ण करावा." एवढं बोलून त्यानं साळूच्या नि कवडीच्या कपाळी भंडारा लावला आणि चालता झाला.

साळूनं तो आदितवार पाळला. थाळी घासली, पालथी घातली. पेंढ्याला काठी आपटली. कवडीचं गोणपाट ओट्यावर घातलं. आळीच्या बाया हसल्या, "साळू, वसा सोन्याचांदीसाठी घेतात गं, पुत्रासाठी घेतात. कुत्र्यासाठी कोण घेतं?" साळूनं लक्ष दिलं नाही. नव्याचे नऊ दिवस.

पुढं श्रावण तोंडावर आला. कुंभारआळीत श्रावण म्हणजे नागांची घाई. पंचमीला घरोघर मातीचा नाग लागतो. कुणाला फडा उभारलेला हवा, कुणाला वेटोळं घातलेला हवा, कुणाला पाच पिल्लांसकट हवा. साळूच्या हाताचे नाग नगरात नावाजलेले. ती सकाळी माती मळी, दुपारी नाग वळी, कलत्या उन्हात डोळे रंगवी. मान वर करायला सवड नव्हती.

दुसरा आदितवार आला. कवडीच्या थाळीत भाकरीचा कुटका उरला. साळू म्हणाली, "उद्या घासीन, आज नाग वळायचेत." कुटका तसाच राहिला. उंदीर आले. कवडी कोपऱ्याकडं बघून भुंकली. साळू रंगाच्या हातानंच म्हणाली, "गप गं."

तिसरा आदितवार आला. म्हाळूनं आव्यासाठी नवा पेंढा आणला, भिंतीला टेकवून रचला. साळू म्हणाली, "राहू दे, पंचमी झाली की हलवू." उंदरांनी पेंढ्यात घरटी केली. कवडी पेंढ्याकडं बघून भुंकली. साळू म्हणाली, "तुला काय काम ना धाम. गप."

चौथा आदितवार आला. पेंढ्यामागं भिंतीला तीन बिळं दिसली. साळूनं खापरी घेतली, मातीचा गोळा घेतला. तेवढ्यात सासू आतून आली. "अगं, पंचमी आठवड्यावर आली. आणि तू बीळ बुजतेस? नागोबा कोपेल!" साळूला निमित्तच पाहिजे होतं. तिनं गोळा खाली ठेवला, त्याचाही एक नाग वळला. देवाचं नाव पुढं केलं की आळसाला कुणी आळस म्हणत नाही, बायांनो. तुम्हीही जाणता, मीही जाणते.

कवडी मात्र ऐकेना. बिळाशी गेली, भुंकली, उडी मारली. फळीवर वाळत घातलेले नाग खाली आले. तीन फुटले. म्हाळू संतापला. त्यानं दोर घेतला, पेंढ्याशेजारच्या खुंटाला कवडीला बांधली. दोर आखूड होता. साळू म्हणाली, "पंचमीपुरतं बांधू. मग सोडू."

पंचमी आली. सगळे नाग विकले गेले. एक घरी पुजायला ठेवला. कच्च्या मातीचा, हळदीच्या डोळ्यांचा. सासूनं पाटावर मांडला, लाह्या वाहिल्या. साळू दुधाची लोटी घेऊन रानातल्या वारुळाला गेली. दूध ओतलं, लाह्या वाहिल्या, हात जोडले. म्हणाली, "नागोबा, माझ्या कवडीला सांभाळ." आणि दुपारी घरी आली.

घरी येते तों काय? कवडी भुंकत नव्हती. खुंटाशी आडवी पडली होती. तोंड सुजलं होतं, फेस आला होता, दोर गळ्याशी ताणून राहिला होता. पेंढ्यापुढं नाग फडा काढून उभा होता. म्हाळू काठी घेऊन धावला, पण पंचमीच्या दिवशी काठी कशी उचलायची? हात वरच राहिला. नाग सरसरत बिळात गेला. साळूनं दोर कापला, कवडीचं डोकं मांडीवर घेतलं. कवडीनं एकदा तिच्याकडं बघितलं. डोळे मिटले. श्वास तेवढा चालू होता.

साळू रडली नाही. कवडीला म्हाळूच्या मांडीवर दिलं, रिकामी लोटी उचलली नि वारुळाला धावली. लोटी वारुळावर आपटली.

"नागोबा, तुला दूध दिलं, लाह्या दिल्या, हळदकुंकू वाहिलं. आणि तूच माझ्या कुत्रीवर उठलास?"

वारुळातून बोल आला. "बाई, तुझं दूध बघ, तिथंच आहे, त्याला मुंग्या लागल्यात. मी दूध पीत नाही, मी उंदीर खातो. तुझ्या दारी उंदीर कुणी बोलावले?"

साळू म्हणाली, "मी. थाळीत उष्टं ठेवलं."

"त्यांना बसायला अंधार कुणी दिला?"

"मी. पेंढा भिंतीला ठेवला."

"मला वाट कुणी दिली?"

"मीच. बीळ बुजलं नाही."

"एवढं सगळं मांडलंस, आणि वाटेवर कुत्री बांधलीस. तिला मागं सरायला दोर पुरला नाही, मला पुढं जायला वाट उरली नाही. ती भ्याली, मी भ्यालो. बाई, मी कोपलो नव्हतो. मी भ्यालो होतो."

साळूला तेव्हा रडू आलं. वारुळाशी डोकं ठेवलं. "चुकले. मातीच्या नागांत खरा नाग विसरले. ती मुकी सांगत होती, तिला गप केलं. आता काय करू?"

नाग म्हणाला, "दिवेलागणीच्या आत वसा पुरा कर. मी विष माघारी घेईन. बिळं रिकामी आहेत, मी इथं आलो आहे."

"पण आज पंचमी. आज माती खणत नाहीत, मळत नाहीत."

"वारूळ मोडू नये, नांगराखाली जीव येऊ नये, म्हणून आजचा दिवस पाळतात. तुझ्या घराच्या भिंतीत मी वस्ती कधी मागितली? पंचमीचा दिवस माझा, बाई. बाकीचे दिवस केरसुणीचे."

साळू धावत घरी आली. सासू म्हणाली, "कुठं गेली होतीस? हिचा श्वास चुकतोय." साळूनं थाळी घेतली, राखेनं घासली, पालथी घातली. एक काम झालं. मग काठी घेतली, पेंढ्यावर तीनदा आपटली. उंदीर सैरावैरा पळाले. म्हाळू उठला, त्यानं कवडीला आईच्या मांडीवर दिलं, विटा मांडल्या. दोघांनी पेंढा हलवला. दुसरं काम झालं. भिंतीला तीन बिळं उघडी पडली.

साळूनं मातीच्या खड्ड्यात हात घातला. खड्डा नागांपायी रिकामा झाला होता. तळाशी दोन गोळ्यांची माती निघाली. एका बिळाला खापरी लावली, माती लिंपली. दुसऱ्याला खापरी लावली, माती लिंपली. तिसऱ्याला माती उरली नाही. मातीची खाण तीन कोसांवर. सूर्य वेशीच्या कमानीला टेकला. सासूच्या मांडीवर कवडीनं पाय ताठ केले.

साळू घरात गेली. पाटापुढं उभी राहिली. पाटावर कच्च्या मातीचा नाग होता.

सासू बाहेरूनच ओरडली, "साळू! अगं तो देव आहे!"

"आत्याबाई, उद्या ह्याला तळ्यात सोडायचं. पाण्यात विरघळणार तो. तो आज माझ्या भिंतीत विरघळला तर काय बिघडलं? माझ्या हातांनीच केलाय मी ह्याला."

"पुजलेल्या नागाला मोडायचं नसतं गं!"

"मग कवडीला जाऊ द्यायचं का? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

सासूनं मांडीवर बघितलं. कवडीची जीभ बाहेर आली होती. रोज ज्या हातातून भाकरीचा तुकडा घ्यायची, त्या हाताशीच जीभ लागली होती. सासूनं तिला हळूच गोणपाटावर ठेवलं. उठली. घरात आली. चार अक्षता घेतल्या, नागावर वाहिल्या. हात जोडले. मग पाट धरला आणि पूजा उठवताना हलवतात तसा उत्तरेला हलवला.

म्हणाली, "देव गेला. आता माती उरली. घे."

आणि साळूनं हात पुढं करायच्या आत म्हातारीनं स्वतःच तांब्याभर पाणी त्या नागावर ओतलं. फडा वाकला, डोळ्यांची हळद ओघळली. दोघींनी मिळून माती मळली. तिसऱ्या बिळाला खापरी लावली, नागाची माती लिंपली. साळूनं बोटानं कड गुळगुळीत केली. सासूनं समई लावली.

तेवढ्यात ओट्यावर खुडबुड झाली. कवडीनं डोळे उघडले. डोकं उचललं. लटपटत उठली, तीनदा पडली, तीनदा उठली. थाळीशी गेली. थाळी पालथी बघून नाकानं ढकलली, उलटेना, मग साळूकडं बघून एकदाच भुंकली. सासू म्हणाली, "बाई गं, मेलेली उठली ती खायला मागतच." आणि पदर डोळ्याला लावला.

पुढं चंपाषष्ठी आली. साळूनं वांग्याचं भरीत केलं, बाजरीचा रोडगा केला. पहिला घास कवडीला घातला. दारी घाटी वाजली, वाघ्या आला. त्यानं विचारलं, "बाई, दोर कुठं आहे?" साळू म्हणाली, "चुलीत." वाघ्यानं भंडारा उधळला. वसा संपूर्ण झाला.

वर्ष गेलं, पंचमी आली. उन्हात तोच नाग आळीतून आला. म्हाळूच्या अंगणाशी थांबला. उष्टं नव्हतं, उंदीर नव्हता, अंधार नव्हता. कवडी ओट्यावरून भुंकली. साळू हातातला मातीचा नाग पाटावर ठेवून उठली, बाहेर आली, बघितलं. "कवडे, माघारी ये." कवडी माघारी आली. नागाला वाट मोकळी होती, तो कुंपणाच्या कडेनं रानात गेला. कुणाला काही झालं नाही.

तेव्हापासून त्या घरी पंचमीला दोन नाग करतात. एक रंगवून पाटावर मांडतात. दुसरा बिनरंगाचा, ओला, भिंतीशी ठेवतात. बिळाला माती कधी लागेल, सांगता येत नाही.

जशी कवडी साळूला परत मिळाली, तशी तुम्हा-आम्हाला आपापली माया परत मिळो. जसा नाग आपल्या वाटेनं गेला, तसा साऱ्यांच्या दारावरून आपल्या वाटेनं जावो. ऐकणारीनं आज घरी जाऊन आधी थाळी पालथी घालावी, मग प्रसाद घ्यावा. साठां उत्तरांतली पाच मी बोलले, उरलेली तुमच्या दारचं मुकं जनावर बोलेल, ती ऐकावी. तेव्हाच ही कहाणी सुफळ, तेव्हाच ही संपूर्ण.