डावा कोपरा आणि तीस मीटर

“सही का केली नाहीत, नाना?”

मिलिंद खोत चपलांसकट मैदानात शिरला. याच मातीत, नानांच्या हाताखाली, तो कबड्डी शिकला होता. पाया पडल्याशिवाय आत यायची त्याची छाती नव्हती कधी. पण आज त्यानं डोक्यात राख घालून घेतली होती.

नाना शिगवण झारीनं मातीवर पाणी मारत होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी मान वर केली नाही.

मिलिंदनं कागद समोर धरला. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची यादी. बारा नावं, खाली दोन सह्यांची जागा. एक सही निवडप्रमुख म्हणून त्याची स्वतःची. दुसरी निवड समितीचे ज्येष्ठ सदस्य म्हणून नानांची, आणि ती जागा कोरी. दोन दिवस निवड चाचणी चालली, नाना खुर्चीवर बसून सगळं बघत राहिले आणि सहीची वेळ आली तेव्हा गपचूप एसटी धरून घरी निघून आले. फोनही उचलेनात. यादी आज पाच वाजेपर्यंत गेली नाही तर संघच बाद.

“हर्षालीसाठी ना?”

नाना पाणी मारत राहिले...

हर्षाली गुरव नानांच्या संघात डावा कोपरा सांभाळायची, म्हणजे चढाईला आलेलीचा घोटा धरायचं काम तिचं. दोन महिन्यांनी तिला वीस पूर्ण होणार, म्हणजे या गटात खेळायची ही शेवटची संधी. जिल्ह्यातून राज्यात गेली, तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात अर्ज करता येणार. नाही गेली, तर काजूच्या कारखान्यात तिची जागा आईनं आत्ताच सांगून ठेवलीय. यादीत तिचं नाव नव्हतं. तीस मीटर धावण्यात ती खालून तिसरी आली. जागेवरून उडीत त्याहून वाईट.

“दुसरं कुणी असतं तर मला वाईट वाटलं नसतं,” मिलिंद म्हणाला. “तुम्ही, नाना? तुम्हीही आपल्या पोरीसाठी अडून बसलात?”

आणि मग त्यानं मनातलं सगळं ओकलं. अठराव्या वर्षी त्याला डावलून निवड समितीतल्या कुणाचा तरी भाचा घेतला होता. भाच्याला धड पकडही येत नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन तो जेवला नव्हता. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, माझ्या हातात आलं की हे थांबवीन. म्हणून तर पुण्याला जाऊन शिकला. अमेरिकेत चेंडू हातात घेऊन पळायचं जे फुटबॉल खेळतात, त्यासाठी पोरं निवडतात ती रीत शिकला. चाळीस यार्ड पळवायचं, उड्या मारायला लावायच्या, वजन उचलायला लावायचं, हाताचा पंजासुद्धा मोजायचा. आकड्यापुढं कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

“आकडा भाचा ओळखत नाही, नाना.”

खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं. वशिल्यानं ज्याचं पोट जळलंय त्यालाच ते कळतं. नानांनाही कळत होतं. त्यांनी झारी खाली ठेवली.

“मुलींचं अर्धं मैदान केवढं?”

“सहा मीटर.”

“मग तीस मीटर पळून पोरगी जाईल कुठं? शेजारच्या गावात?”

मिलिंदचे कान लाल झाले. त्यानं समजावायचा प्रयत्न केला. धाव म्हणजे पायातली ताकद, उडी म्हणजे झटका, जगभर असंच मोजतात. नाना ऐकत होते की नाही, देव जाणे.

“ती अमेरिकेतली पोरं... त्यांच्या खेळात अंगाला अंग लागतं का रे?”

“लागतं म्हणजे? दिवसभर एकमेकांवर आदळतात.”

“आणि पळवतात एकेकट्याला?”

मिलिंदनं यादीची घडी घातली.

“दोन दिवस मी खुर्चीवर बसलो होतो,” नाना म्हणाले. “चाळीस पोरी आल्या. पळाल्या, उडाल्या, वाकल्या. दोन दिवसांत एकीनंही दुसरीला हात लावला नाही, मिलिंद. कबड्डीची निवड... आणि कुणी कुणाला शिवलं नाही.”

“तो भाग वेळेअभावी राहिला.”

“मग मी सही कशावर करू? पहिली आलेली पोरगी चांगली असेल. हर्षाली वाईट असेल. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही.”

हे मात्र मिलिंदला झोंबलं. तोंडाला येईल ते तो बोलला. तुमचा काळ संपला म्हणाला. तुमच्या या मातीत कोण खेळतं आता, सगळे मॅटवर गेले, म्हणाला. गुरूला असं बोलू नये हे त्याला बोलतानाच कळत होतं, पण राग आला की माणसाची जीभ कुणाचं ऐकते?

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग धोतर वर खोचलं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यात वाकून उभे राहिले.

“ये. चढाई कर.”

“नाना, वेडेपणा करू नका.”

“घाबरलास?”

मिलिंदनं यादी कुंपणाला खोचली, चपला भिरकावल्या. अडतीस वर्षांचा गडी, रोज पाच किलोमीटर पळणारा. कबड्डी, कबड्डी म्हणत तो मध्यरेषा ओलांडून आत गेला, तो खरोखरच रागानं गेला. म्हाताऱ्याला शिवून परत यायचं, यादीवर सही घ्यायची आणि सुटायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्यानं पाय पुढं टाकला. नाना खाली बसले की पडले, ते त्याला दिसलं नाही. घोट्याभोवती दोन हात आवळले गेले.

त्यानं हिसका दिला. हात सुटले नाहीत.

त्यानं पाय ओढला. नाना मातीवरून फरफटत आले. सदरा खांद्याला फाटला, कोपराची सालं निघाली, ओल्या मातीत रक्त लागलं. मिलिंदच्या तोंडात कबड्डी, कबड्डी चालूच. मध्यरेषा हाताभर उरली. नुसता पुढं झुकला असता तरी बोट टेकलं असतं...

त्यानं खाली पाहिलं.

“सोडा, नाना. हाड मोडेल तुमचं.”

बोलला, आणि दम तुटला. दम तुटला की चढाई करणारा बाद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी नानांनी घोटा सोडला नाही. त्यांना धाप लागली होती, दाढीला माती होती. मिलिंदचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्याला रागच आला.

नानांनी तोंडातली माती थुंकली.

“आता माझ्या नावापुढं या पकडीचा आकडा लिही.”