हौसाची लंगडी

एकदा काय झालं, एका तळ्याकाठी राक्षसीण येऊन बसली. तिला लंगडीचं भारी वेड. तिनं तळ्यातून गावाकडे जाणारी पाण्याची वाट अडवली आणि गावाला म्हणाली, "माझं अंगण लंगडी घालत ओलांडा, मग पाणी तुमचं. मध्येच दुसरा पाय टेकला, तर दगड व्हाल. कुणी अंगण पार केलं, तरच ते दगड पुन्हा उठतील."

गावातला भिवा गेला. अंगणाच्या मधोमध त्याचा पाय टेकला. झाला दगड. त्याची आई रोज दुरून त्या दगडाकडे बघायची आणि घरी येऊन न जेवता निजायची.

भिवाची धाकटी बहीण हौसा. ती म्हणाली, "दादाला मी आणते." मग ती लंगडी घालत टेकडी चढली. लंगडी घालत उतरली. पायाला वाळूची पिशवी बांधून पुन्हा चढली. पाय कसा झाला, तर मुसळासारखा. पण कुणी नुसतं "पडेल गं पोर!" म्हटलं, की दुसरा पाय खाली.

तळ्यातला बगळा हे रोज बघायचा. तो म्हणाला, "एवढा घट्ट पाय, आणि टेकतो कसा गं?"

"तू नको बोलूस," हौसा चिडली. "सगळे तुला ढोंगी म्हणतात."

"म्हणोत. ये, माझ्याशेजारी एका पायावर उभी राहा."

ती उभी राहिली. बेडकानं उडी मारली, पाय टेकला. काठावरची पोरं हसली, पाय टेकला. मग कुणी काहीच केलं नाही. तेव्हा तिच्याच मनात आलं, आता पडणार. टेकला!

"बघितलंस?" बगळा म्हणाला. "पायाला शिकवलंस, मनाला नाही शिकवलंस. माझ्यासमोरून किती मासे जातात. प्रत्येकाला चोच मारली, तर उपाशी मरेन. जो आपला नाही, तो येतो आणि जातो. त्याला हाकलायचंही नाही बरं का. हाकलायला गेलं की पाय हलतो. फक्त आपल्या माशावर नजर ठेवायची."

"माझा मासा कोणता?"

"पुढची उडी."

मग हौसा रोज टेकडीवर जायची आणि रोज पाण्यात उभीही राहायची. पहिले काही दिवस सारखी पडली. नंतर कमी पडली. मग एके दिवशी ती अंगणाशी गेली.

राक्षसीण ओरडली, "अगं काडी, वाऱ्यानं मोडशील!" हौसा पुढे गेली.

मग राक्षसीण गोड बोलली, "वा गं बाई! थांब जरा, दृष्ट काढते तुझी." हौसा थांबली नाही.

मग राक्षसीण गप्प बसली. अगदी गप्प. समोर भिवाचा दगड आला, आणि हौसाच्याच मनात आवाज झाला. इथंच दादा पडला. तूही पडणार.

केवढा मोठा मासा! भीती गेली होती का? मला तसं वाटत नाही. भीती होतीच. पण हौसानं तिला हाकललं नाही. मासा आला, जाऊ दे. आपला नाही. पुढची उडी. मग पुढची. मग अंगण संपलं.

तळ्याचं पाणी खळाळत गावाकडे निघालं. दगड हलला, भिवा उठला, अंग झाडलं आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय." त्या दिवशी आईही पोटभर जेवली.

आणि राक्षसीण? ती हौसाला म्हणाली, "मलाही शिकव की गं!" आता ती बगळ्याशेजारी उभी राहते आणि धपकन पडते. तळ्यात लाटा येतात त्या म्हणूनच, असं लोक सांगतात. खरं-खोटं मला नाही सांगता येणार. पण गाव सुखात आहे, पाणी आहे, लंगडीही आहे.

चला, मिटा डोळे. मिटल्या डोळ्यांपुढे काहीबाही येईल. येऊ दे. आपला मासा आता फक्त झोप.