पान्हा आणि बंद दार

एकदा एक तरुण डॉक्टर एका वृद्ध, नामांकित डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली शिकायला राहिली. तिचे ज्ञान ताजे होते, धीर मात्र थोडा.

बाईंच्या दवाखान्यात मंजुळा नावाची बाळंतीण होती. तिचे बाळ सातव्या महिन्यातच जन्मले. ते वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आणि ही खाली खाटेवर. वरच्या त्या खोलीत बाळांच्या आईंना प्रवेश नव्हता. बाळाला आईचे दूध हवे होते. चौथ्या दिवशी मंजुळेची छाती दाटून दगड झाली, पण पंपाने थेंबही येईना.

"अळिवाची खीर खाऊन वीट आला हो," ती कळवळली. "एखादी गोळी द्या ना!"

"गोळीनं नाही व्हायचं," शिष्या म्हणाली. "दूध सोडणारं संप्रेरक म्हणजे नऊ अमिनो आम्लांची साखळी, पेप्टाइड. पोटात ते वरणासारखं पचून जाईल." मग ती बाईंकडे वळली. "बाई, ते संप्रेरक, ऑक्सिटोसिन, टोचूनच देऊ या."

बाई वर गेल्या आणि बाळाचे घामट, आंबूस टोपडे घेऊन आल्या.

"अहो बाई, ते धुवायचंय!"

"खबरदार धुतलंस तर," म्हणत बाईंनी ते मंजुळेच्या हातात दिले. तिने ते नाकाशी धरले, हुंदका दिला, आणि पाहता पाहता तिचा झगा दुधाने भिजला.

बाई म्हणाल्या, "दूध काढणं वेगळं, पान्हा फुटणं वेगळं. तुझ्या त्या नऊ कड्या तिच्या मेंदूत तयारच होत्या. त्यांना रक्तात उतरायला बाळाचा निरोप हवा होता. ओढ मनात उठते पोरी, पण पोचते ती रक्तातून."

शिष्येने मान डोलावली नाही. "मग टोपडं खाली का आणलंत? आईला वर का नाही नेलं?"

"जंतुसंसर्गाचं भय. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच. वीस वर्षांपूर्वीचा."

"बाई, चार दिवस ती जिन्याकडे डोळे लावून बसलीय. हात धुता येतात की तिला!"

बाईंनी त्या ओल्या झग्याकडे पाहिले. मग त्यांनी स्वतःच चाकांची खुर्ची ओढून आणली. "चल मंजुळे," त्या म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळे झालाय."

दुसऱ्याची ओढ ज्याला कळली, त्याने आधी आपण बंद केलेली दारे तपासावीत.