धुळाची वाघूर

फार जुनी गोष्ट. तेव्हा माळ इतके लांब पसरलेले होते, की मेंढरं चालून दमत, पण माळ संपत नसे. त्या माळावर धुळा नावाचा धनगर होता. बाप वारला तेव्हा त्याच्यामागे शंभर मेंढरं उरली आणि एक वाघूर.

वाघूर म्हणजे दोरांचं जाळं. दिवस कलला की रानात खुंट ठोकायचे, जाळं ताणायचं, आत मेंढरं बसवायची. सकाळी तेच जाळं गुंडाळून घोड्यावर टाकायचं आणि पुढचं रान गाठायचं. ती वाघूर बापाने स्वतःच्या हातांनी विणली होती.

काय दिवस होते ते! मेंढरं एक मुक्काम बसली की रानाला लेंड्यांचं खत मिळे आणि धनगराच्या पदरात ज्वारी पडे. "आज आमच्याकडं बसवा," म्हणून शेतकरी आपसात भांडत. कोंडाबाई नावाची शेतकरीण तर बापाला लांबून पाहूनच ताकाचा तांब्या भरून ठेवी. धुळाला ते सगळं आठवे.

एके वर्षी लांडग्याने जाळ्यावरून उडी मारली आणि एक कोकरू उचललं. आई मेलेलं ते कोकरू धुळाने चिंधीने दूध पाजून जगवलं होतं. दोन दिवस त्याने भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता दगडाचं कुंपण घालतो. लांडगा नाक घासत परत गेला पायजे."

त्याची बायको लगमा म्हणाली, "आवं, आपून फिरस्ती मान्सं. दगडं काय घोड्यावर घालून न्यायची?"

"आता फिरायचंच न्हाई!"

सबंध उन्हाळा धुळा दगड वाहत होता. पुरुषभर उंच भिंत उभी राहिली. भिंत झकास झाली होती, हे कबूल करायलाच हवं. लांडगा आला, दोन फेऱ्या मारून गेला, पुन्हा फिरकला नाही. धुळाने वाघूर खुंटीला टांगली आणि तो निर्धास्त झाला.

मग पावसाळा आला. मेंढरं रोज त्याच जागी बसत. लेंड्या आणि पाणी मिळून घोटाभर चिखल झाला, त्यात खुरं कुजली. आधी म्हातारी मेंढरं लंगडली, मग गाभण. धुळाने हळद लावली, लिंबाचा पाला बांधला, देवाला हात जोडले. पावसाळा सरला तेव्हा निम्मी मेंढरं गेली होती.

एका दुपारी काठी टेकत कोंडाबाई आली. "धुळा, औंदा माझं रान उपाशी ऱ्हायलं रं. तुझ्या बापाची मेंढरं बसल्याबिगर मी कवा पेरलं न्हवतं." मग भिंतीकडे पाहून तिने विचारलं, "आत किती हायती?"

"पन्नास, आत्या."

"बाकीची लांडग्यानं खाल्ली?"

"न्हाई. लांडगा आत आलाच न्हाई."

"मग खाल्ली कुनी?"

धुळा भिंतीकडे बघत राहिला. त्याच्याच हातांनी रचलेले दगड होते ते.

त्याने खुंटीवरची वाघूर काढली. तिला अजून लोकरीचा आणि बापाच्या चिलमीचा वास येत होता. ती तोंडाशी धरून तो रडला, आणि मग तुटलेले फासे सांधायला बसला. दुसऱ्या दिवशी त्याने धड मेंढरं हाकत आणि लंगडी एकेक करून खांद्यावर घालून कोंडाबाईच्या कोरड्या रानात नेली, वाघूर ताणली, आणि बाप निजायचा तसा जाळ्याला पाठ लावून निजला.

ताकाचा तांब्या पुन्हा भरू लागला. पुढे कधीतरी लांडग्याने एखादं कोकरू नेलंही. धुळा त्याच्यासाठीही रडला, पण सकाळी वाघूर गुंडाळून वाटेला लागला. मेंढरं वाढली. शंभर मात्र त्याच्या हयातीत पुन्हा झाली नाहीत.

म्हणून कुंपण असं निवडावं, जे वैऱ्याला अडवील, पण आपल्या जगण्याची वाट अडवणार नाही.